वजन कुणी केलं?

साहेब, नाव घेत नाही, पण कुणाला म्हणतोय ते तुम्हाला बरोब्बर कळलंय! भांडण तुमच्याशी झालं तरी निवाडा तुमचाच माणूस करणार, असं कलम तुम्ही करारात घातलंत. लाज नाही वाटली?

मंडळी, टाळ खाली ठेवा, ऐका! ज्याच्याशी वाद, त्याच्याच घरचा पंच — याला न्याय म्हणायचं का?

सोपान पांचाळ, लोखंडकाम करणारा माणूस. पाटबंधारे महामंडळाच्या कालव्याला त्यानं चाळीस दरवाजे बसवले. पाणी सुटलं, हार पडले — सोपानरावांच्या गळ्यात नव्हे हो! — आणि बिल निघालं अर्धं. म्हणे, दरवाजे वजनाला कमी!

"कमी? अहो, तुमच्याच क्षीरसागर इंजिनियरनं एकेक दरवाजा काट्यावर चढवला. वहीत त्यांचीच सही हाय!" सोपानराव म्हणाले.

"मग लवाद मागा," महामंडळाचे साहेब म्हणाले. लवाद म्हणजे पंच. "तो आम्हीच नेमणार. कलम वाचलं नाही?"

नव्हतं वाचलं! काम मिळतंय म्हटल्यावर ऐंशी पानं कोण वाचतो? तुम्ही वाचता? खाली काय बघताय!

सोपानरावांनी रीतसर नोटीस दिली. महिना गेला, उत्तर नाही. इकडं कर्ज थकलं म्हणून बँकेनं वर्कशॉपला कुलूप ठोकलं. गेला माणूस हायकोर्टात.

न्यायमूर्तीबाई म्हणाल्या, "दोघांना चालेल असं नाव सांगा."

महामंडळाचा वकील ताडकन उठला, "आमचाच अधिकारी! आमच्या माणसांवर संशय म्हणजे अपमान आहे!"

सोपानरावांचा वकील कोट ओढतोय, बसा, बसा! हे बसतायत कशाला?

"चालंल, बाईसाहेब. त्यांचे क्षीरसागर नेमा. लिहून देतो."

आणि महामंडळाचा वकील? "नाही, नाही! ते नकोत! ते या प्रकरणात गुंतलेत!"

"कशात गुंतलेत?" बाईंनी विचारलं.

"त्यांनी... वजन केलंय."

हसा, मंडळी, हसा! बाई हसल्या नाहीत. ना तुझा, ना त्याचा, असा एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश त्यांनी लवाद म्हणून नेमला. बिल मिळालं? नाही. कुलूप अजून तसंच आहे. आत्ता कुठं पंच मिळाला!

झालं हसून? बांधाच्या तंट्यात आपल्या मेव्हण्याला पंच म्हणून बसवणारे तिघं इथं पुढच्याच रांगेत आहेत. समोरच्यानं त्याचा मेव्हणा आणला असता, तर तुम्हाला चाललं असतं? मान हलवू नका, तोंडानं बोला. आरती थांबलीय!