तिसऱ्या फळीचा डावा खण

मुलगी: ...आणि हे दुसरं कॉलेज. फार्मसीची पदविका, दोन वर्षं. फी पहिल्याच्या एक तृतीयांश, सकाळच्या बसने जायचं आणि संध्याकाळी घरी. झालं वाचून. पाच वाजेपर्यंत कुठल्यातरी एका फॉर्मवर सही करा. चष्मा नाकावर आणि वाचायला मी.

वडील: तुझ्या तोंडून नीट कळतं. दोन वर्षांचं घे.

मुलगी: इतक्या पटकन?

वडील: पटकन कुठे? महिनाभर तोच विचार चाललाय.

मुलगी: बाबा, मी शाळेत होते तेव्हापासून पदवी-पदवी करून तुम्ही माझं डोकं खाल्लंत. पदविका घेतलीस तर बापासारखी जन्मभर या काउंटरमागे उभी राहशील, असं कोण म्हणायचं? चार वर्षांचं केलं तर मोठ्या हॉस्पिटलात लागेन, कारखान्यात लागेन. पैशांचं आहे का काही?

वडील: पैसे बाजूला ठेवलेत. त्याचं नाही.

मुलगी: मग कशाचं?

वडील: दुकानाचा परवाना माझ्या नावावर आहे. इथे औषधं द्यायला नोंदणी झालेलं माणूस लागतं. दोन वर्षं मी कशीबशी खेचतो. चार नाही जमणार.

मुलगी: का नाही जमणार?

वडील: वय झालं.

मुलगी: छप्पन्न म्हणजे वय? आई हसेल ऐकून. तिचीही सही लागते फॉर्मवर. मघाशी जिन्यातून दोनदा हाक मारली, ओ देईना.

वडील: झोपू दे. गेले दहा-बारा दिवस मलूलच असते. तू लांब जाणार, ते जिवाला लावून घेतलंय तिने. म्हणून तरी दोन वर्षांचं घे.

मुलगी: सकाळी कपडे वाळत घालताना हात थरथरत होते तिचे. म्हणाली, सारखी भूक लागते.

वडील: काळजीने होतं तसं. आण तो फॉर्म. सही कुठे?

मुलगी: खाली, उजवीकडे.

वडील: बोट ठेव.

मुलगी: बोट कशाला? एवढी ठळक रेघ आहे. आणि बाबा, हे पत्रक उलटं धरलंय तुम्ही.

वडील: गिऱ्हाईक आलं बघ.

मास्तर: मला गिऱ्हाईक म्हणता, साहेब? भिंतीला भिंत लावून वीस वर्षं शिवणयंत्र चालवतोय, आता टेलरला ओळखेनासे झालात? बरं, आमच्या म्हातारीच्या गोळ्यांचं विचारायचं होतं. ब्लड प्रेशरच्या, दर महिन्याला नेतो त्याच. यावेळच्या काही मानवल्या नाहीत तिला. दरदरून घाम फुटतो, बोलता बोलता डोळे मिटते. काल मला आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारली. माझं हो कामात लक्ष लागेना, एक बाही उलटी जोडली. कंपनी बदलली का?

वडील: कंपन्या बदलत असतात, मास्तर. आठवडाभर जाऊ द्या, अंगवळणी पडेल.

मुलगी: काका, स्ट्रिप आणलीत?

मास्तर: ही काय, खिशातच आहे. खडू लागलाय तिला, पुसून घे.

मुलगी: काका, आजींना शुगर आहे?

मास्तर: छे गं. चहात तीन चमचे साखर लागते तिला.

मुलगी: आत्ता जाग्या आहेत? नीट गिळता येतंय?

मास्तर: मघाशी पाणी प्यायली की. का गं?

मुलगी: लगेच घरी जा. आधी साखरपाणी पाजा आणि तसंच गाडीत घालून दवाखान्यात न्या. ही स्ट्रिप डॉक्टरांना दाखवा, सांगा, प्रेशरच्या गोळीऐवजी ही चुकून पोटात गेली.

मास्तर: चुकून म्हणजे? साहेब, मी डोळे मिटून तुमच्याकडून नेतो हो.

मुलगी: काका, ते नंतर. आधी जा.

वडील: गेले?

मुलगी: गेले.

वडील: काय दिलं होतं मी?

मुलगी: शुगर उतरवायची गोळी. बाबा, माझ्याकडे बघा. काय दिसतं?

वडील: कडेने तुझे केस दिसतात. मध्ये धूर. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाला, वाढतच जाणार. भीती वाटली गं, म्हणून कुणाला बोललो नाही. पण बावीस वर्षं प्रत्येक गोळी ठरल्या जागी होती, हात आपोआप जायचा. एकही चुकीची गेली नाही.

मुलगी: आणि मग मी फळ्या आवरल्या.

वडील: तुझा दोष नाही त्यात.

मुलगी: तुम्ही तापाने पडला होतात तेव्हा. अक्षरांप्रमाणे सगळं लावलं, म्हटलं बाबा खूश होतील. तुम्ही म्हणालातही, छान लावलंस.

वडील: दुसरं काय म्हणणार होतो? दुपारी दुकान बंद असलं की एकेक खण चाचपून पाठ करायचो. पण घाईत हात जुन्याच जागी जातो. तिसरी फळी, डावा खण.

मुलगी: तिथे प्रेशरच्या असायच्या.

वडील: हो.

मुलगी: आता तिथे शुगरच्या आहेत. दोन आठवडे होऊन गेले त्याला. आणखी कुणाला दिल्यात तिथून?

वडील: दोघं-तिघं असतील. बिलांच्या प्रती काढ. तू नावं वाच, मी आठवून सांगतो, एकेकाला फोन लाव. फॉर्म राहू दे आता.

मुलगी: बाबा, आईलाही प्रेशरच आहे.

(वडील तिसऱ्या फळीचा डावा खण चाचपतात.)

मुलगी: तिचं बिल नाही होत. तिची स्ट्रिप कोण काढतं?

वडील: मी काढतो. रोज सकाळी मीच तिच्या हातावर ठेवतो.

(मुलगी धावत जिना चढते.)

वडील: साखरेचा डबा ओट्यावर आहे बघ, उजव्या हाताला. सापडला?

वडील: उठली का गं ती?

वडील: बोल की काहीतरी. मला इथून दिसत नाही.