आईचा पिवळा दिवा

(सकाळचे आठ. आईच्या खोलीची खिडकी थंडी सरल्यावर आज पहिल्यांदा उघडली आहे. खोलीत दोघी बहिणी.)

धाकटी : ताई, हे हिरवं आहे ना?

ताई : काय हिरवं?

धाकटी : चित्रातली भिंत. तू तुझं सांग, मला काय दिसतंय ते मी सांगणार नाही.

ताई : अगं, आंधळासुद्धा हिरवं म्हणेल. चांगलं कोवळं, लुसलुशीत.

धाकटी : मी राखाडी रंगवली होती.

ताई : कधी?

धाकटी : अख्खा हिवाळा. काल झोपायला जाईपर्यंत राखाडीच होती. आत्ता मोकळी हवा यावी म्हणून खिडकी उघडली, मागे वळून बघते तर हे.

ताई : म्हणजे रात्रीत भिंतीला पालवी फुटली.

धाकटी : थट्टा नको ना गं.

ताई : थट्टा मी करतेय? आई गेली तशी तू इथं दार-खिडकी लावून बसलीस. जेवायला हाका मारून माझा घसा बसला. येईल त्याला सांगत होते, धाकटी आईच्या खोलीचं चित्र काढतेय, तिला बोलू नका, आधीच कोलमडलीय. आणि आतून निघालं काय, तर बगीचा!

धाकटी : मला बगीचा नव्हता काढायचा.

ताई : मग हात कोणाचा होता?

फ्रेमवाला : येऊ का? दार उघडंच होतं. चौकट आणलीय, काळी, सांगितली होतीत तशी. टेम्पो खाली उभा आहे, प्रदर्शनवाले वाट बघतायत. अरे वा, हे नवीन का? आणि आपलं ते उदास चित्र कुठं ठेवलंत?

धाकटी : हेच ते.

फ्रेमवाला : छे हो. माप घ्यायला आलो तेव्हा पाहिलंय ना मी. राखाडी भिंत, रिकामी खाट. घरी गेलो तर बायको म्हणाली, कोणी गेलं का काय?

धाकटी : तुम्ही आलात तेव्हा दिवा लागला होता?

फ्रेमवाला : दिवेलागणीलाच आलो होतो. हाच दिवा.

धाकटी : ताई, खिडकी लाव. आणि दिवा लाव.

ताई : सकाळी सकाळी? बरं बाई, हा घे... अगं बाई!

फ्रेमवाला : हां! हेच ते! हेच पाहिलं होतं मी.

धाकटी : या पिवळ्या दिव्यात पिवळा रंग पांढरा वाटतो, निळा काळपट. रंगाच्या नळ्यांवरची नावं केव्हाच माखून गेलीत, मी नजरेनंच उचलत गेले. पांढऱ्यात काळा घालतेय असं समजून पिवळ्यात निळा घालत बसले. आणि हे मी वर्गात मुलांना शिकवते!

ताई : पांढरी ट्यूब लावू या म्हणून मी आईच्या किती मागे लागले होते. ऐकेल तर शपथ.

धाकटी : 'पांढऱ्या उजेडात माणूस आजारी दिसतं.'

ताई : 'आणि मला शेवटपर्यंत बरं दिसायचंय.' हट्टी कुठली.

फ्रेमवाला : म्हणजे चूक दिव्याची. तुम्ही सुटलात.

धाकटी : दिव्यानं काय माझा हात धरला होता? एकदा खिडकी उघडली असती तर कळलं असतं. रडत होते ती राखाडीकडे बघून, आणि हात फिरत होता हिरव्यात. यातलं माझं कुठलं?

ताई : ते मला कळत असतं तर चित्रं मीच नसती का काढली? थांब, खिडकी उघडते. आता पुन्हा लावते. पुन्हा उघडते.

फ्रेमवाला : ताई, चक्कर येईल हो मला.

ताई : गप्प बसा जरा. ती खाट बघा. खिडकी लावली की रिकामी दिसते. उघडली की वाटतं, कोणीतरी आत्ताच उठून बाहेर गेलंय.

धाकटी : पण प्रदर्शनाच्या कार्डावर चित्राचं नाव 'हिवाळा' छापलंय. मामा-मावशी सगळे येणार. म्हणतील, आई गेली आणि हिला वसंत सुचला.

ताई : म्हणतील ना. मघाशी मीच म्हटलं.

धाकटी : मग नको पाठवू?

ताई : असं कुठं म्हटलं मी?

फ्रेमवाला : टेम्पोवाला भोंगा वाजवतोय. नेऊ की नको, तेवढं बोला. आणि काळी चौकट याला शोभायची नाही, नंतर मला बोल लावू नका.

धाकटी : त्या हॉलमध्ये दिवे कसले आहेत?

फ्रेमवाला : पिवळे की पांढरे, शपथेवर नाही सांगता येणार. आपली नजर चौकटीवर.

ताई : आणि खिडकी?

फ्रेमवाला : एक आहे. पण मी जातो तेव्हा तिच्यावर पडदा असतो.