आतल्या बाळकृष्णाचा नैवेद्य

“कुमुद, देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घालायचा नाही हं!”

मंडळी, ही आज्ञा माईंची. माई म्हणजे कुमुदकाकूंच्या सासूबाई. माई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण पहाटे चूल पेटवताना काकूंच्या कानात तोच आवाज! आता मला सांगा – देव हृदयात राहतो, असं आपण रोज म्हणतो ना? मग ते हृदयच थकलं, तर त्याची सेवा ही देवाची सेवा की आपले लाड? उत्तर लगेच नको. आधी ऐका.

काकूंचं घर संगमेश्वराच्या बाजूला. देवघरात रांगता बाळकृष्ण. पहाटे आंघोळ, सोवळं, स्वयंपाक, नैवेद्य, आणि दुपारी मग काकूंचा पहिला घोट. हे व्रत कधी चुकलं नाही. पण हल्ली काय व्हायचं – नैवेद्याचं ताट उचललं की छातीत फडफड, डोळ्यांपुढे अंधारी. एकदा तर ताटच कलंडलं! सून शलाका त्यांना रत्नागिरीला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी छातीला चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या, कमरेला ठोके नोंदवणारं छोटं यंत्र अडकवलं. उद्यापर्यंत काढायचं नाही, आंघोळ करायची नाही, असं बजावलं. काकूंनी मान डोलावली. आणि पहाटे काय केलं असेल?

हसताय म्हणजे ओळखलंत! वायरी अंगावर, सोवळं कसं व्हायचं? काकूंनी सगळं उतरवून खुंटीला टांगलं, आंघोळ केली, नैवेद्य दाखवला, आणि मग पट्ट्या आठवतील तशा पुन्हा चिकटवल्या. एक तर चंदनाच्या गंधावर!

डॉक्टरीणबाई आलेख बघतच राहिल्या. सकाळची वेळ कोरी.
“काकू, या वेळात तुमचं हृदय कुठे होतं?”
“देवापाशी. त्याला सगळं ठाऊक आहे.”
“त्याला असेल हो. पण त्याने मला काही कळवलं नाही.”

पुन्हा यंत्र लागलं. या वेळी शलाका राखणीला! काकू पारोशा, देवघराच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसलेल्या, आत सून नैवेद्य दाखवतेय. आणि त्याच वेळी यंत्राने चोर पकडला.

सगळ्यांना वाटलं होतं, उपाशीपोटीचा अशक्तपणा निघेल. निघालं भलतंच. ठोके अनियमित पडत होते – मध्येच धावायचे, मध्येच अडखळायचे. अशाने रक्ताची गुठळी होऊन मेंदूपर्यंत गेली तर अर्धं अंग लुळं पडू शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. वेळेत सापडलंय, औषध आहे. फक्त रोज सकाळी आणि रात्री, काहीतरी खाऊन घ्यायचं.

सकाळी! खाऊन! काकूंनी घरी येऊन गोळ्यांचं पाकीट फळीवर ठेवलं आणि म्हणाल्या, रात्रीची घेईन, सकाळची नाही. माईंचा शब्द मोडायचा नाही.

शलाका त्यांच्याशेजारी बसली. “आई, माई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा सकाळचं औषध त्यांना कोण देत होतं?”
“मीच की.”
“नैवेद्याआधी?”
“आजारी माणसाला चालतं गं.”
“माई तोंड फिरवायच्या. तेव्हा तुम्ही काय म्हणायचात? मी नवी नवरी, दाराआडून ऐकलंय.”

काकू हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणायचे... माई, तुमच्या आतला बाळकृष्ण भुकेलाय. आधी त्याला भरवू.”

“आणि माई?”
“घ्यायच्या. मुकाट्याने.”

मंडळी, आज्ञा देणारीनेच ती मोडली होती, आणि मोडायला लावणारी होती आज्ञा पाळणारी! काकूंनी हात छातीवर ठेवला. आत ते बिचारं चुकतमाकत चाललंच होतं. इतकी वर्षं, निर्जळी दिवसांतसुद्धा, त्याने कधी नैवेद्य मागितला नव्हता. काकूंचे डोळे भरून आले, पण भीतीने नव्हे. “फार केलंस रे माझ्यासाठी,” एवढंच त्या पुटपुटल्या. मग सुनेच्या हातावर हात ठेवला. “उद्यापासून घेईन. शब्द देते.”

आता तुम्ही. माना डोलावताय, पण गोळ्या फळीवर ठेवून कीर्तनाला कोण कोण आलंय? पुढच्या बायांनो, खाली का बघता? शेजारणीचा काढा उकळून देता, नवऱ्याचं पथ्य सांभाळता, आणि स्वतःचं दुखणं पदराखाली झाकता. बाकी सगळ्यांच्या आत देव, तुमची तेवढी कोठी रिकामी आहे का? नाही ना? मग त्याच्या घराला जपा. आजवर ते चाललं, याबद्दल आधी हात जोडा.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू उठल्या. आंघोळ झाली. देवघरापाशी थांबून बाळकृष्णाला म्हणाल्या, “आज तुझ्या आधी खाते हं. रागावू नकोस.” समई शांत तेवत होती. काकूंनी वाटीत मऊ भात घेतला, फळीवरचं पाकीट काढलं, आणि कोणाची झोप मोडू नये म्हणून पावलं न वाजवता त्या पाटाकडे गेल्या.