बेल्मीरू तावैरा हे आल्फामात हरवल्याबाबत

मी, एर्मेलिंदा रोझा तावैरा, वय ६८ वर्षे, धंदा घरकाम व शेती, राहणार वाल द उर्झिश, उत्तर पोर्तुगाल, हल्ली मुक्काम लिस्बन, पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती बेल्मीरू तावैरा, वय ७२, यांच्यासह राहते. मुलगी लग्न होऊन फ्रान्सात असते. घरी चेस्टनटची झाडे व दोन गाई आहेत. गाई सध्या शेजाऱ्यांकडे सोपवल्या आहेत.

आमच्या गावच्या चर्चने लिस्बन दाखवण्यासाठी दोन दिवसांची सहल काढली. मी लिस्बनला पहिल्यांदाच आले. माझे पती तरुणपणी दोन वर्षे येथील छावणीत शिपाई होते, असे गावात सर्वांना ठाऊक आहे. ट्राम कुठे वळते, कुठल्या बोळात कुणाची खानावळ, कुठल्या पायऱ्यांवर दुपारी सावली असते, हे ते आमच्या लग्नापासून सांगत आले आहेत. त्यामुळे वाटाड्या घेतला नाही. बेल्मीरू असताना वाटाड्या कशाला, असे सर्वजण म्हणाले.

आज सकाळी कॅथेड्रलपासून आल्फामा या जुन्या वस्तीकडे जाताना पती सर्वांच्या पुढे चालत होते. एका वळणावर त्यांनी हात वर करून सर्वांना थांबवले. "इथं ट्रामवाला घंटा वाजवतो. पुढचं दिसत नाही ना त्याला." तेवढ्यात खरोखर घंटा वाजली आणि ट्राम आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पतींनी टोपी काढून सर्वांना हलवून दाखवली. असे त्यांनी मी पाहिल्यापासून कधी केलेले नाही.

पुढे आम्ही नदीवरच्या एका गच्चीसारख्या जागेवर बसलो. आमच्या गावचे दुकानदार अदेरितू पोंबू सोबत होते. ते स्वतः येथे शिपाई होते. त्यांनी पतींना विचारले, "बेल्मीरू, तुझ्या छावणीचं फाटक कुठल्या अंगाला होतं रे?"

"नदीकडं."

"आणि छावणीचं नाव?"

पती डोक्यावरची टोपी सारखी करू लागले.

"अरे, माणूस बायकोचं नाव विसरेल, छावणीचं नाही विसरत! लेका, लिस्बन बघितलंयस की नुसतंच ऐकलंयस?"

सर्वजण हसले. आमच्या चर्चचे फादर आन्सेल्मूही हसले. मी हसले किंवा कसे, हे मला सांगता येणार नाही. पती म्हणाले, "पाणी घेऊन येतो." त्यांच्या हातात भरलेली बाटली होती. ते पायऱ्या उतरून गेले ते परत आले नाहीत. त्यांचा मोबाइल माझ्या पिशवीत होता. आम्ही आसपासच्या बोळांत हाका मारल्या. नंतर मी या ठाण्यात आले.

अंगावर करडा कोट, डोक्यावर टोपी, चालताना डावा खांदा खाली जातो, असे वर्णन मी दिले. काही जुना आजार आहे का, असे विचारल्यावरून मी सांगितले की, आहे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांचा खोकला थांबेना म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात नेले होते. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितले की, यांना पूर्वी क्षय होऊन गेलेला आहे, फुप्फुसांवरचे डाग भरून आले आहेत, हे बराच काळ डोंगरावरच्या क्षयाच्या इस्पितळात राहिलेले असणार. शिपाई असल्याची दोन वर्षे तीच, हे माझ्या लक्षात आले. त्या काळी आमच्याकडे असल्या घरात कोणी पाणी प्यायचे नाही, मग मुलगी कोण देणार? मी डॉक्टरांना म्हणाले, "मला सांगितलंत हे त्यांना कळू देऊ नका." परतीच्या वाटेवर पती मला लिस्बनच्या ट्रामचे सांगत होते. मी ऐकत होते.

आल्फामातील इदालिना सेराव, वय ५८, यांनी पोलिसांना फोन केला की, एक अनोळखी म्हातारा दारात बसला आहे व तो घराच्या आतली माहिती सांगतो. मी महिला पोलीस शिपायासोबत तेथे गेले. इदालिनाबाई दारात उभ्या होत्या.

"हे तुमचे का हो? मला विचारतात, तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदी दिसते ना? खिडकीखाली दगडी मोरी आहे ना? घाबरणार नाही तर काय करू? कधी शिरला होता हा माणूस माझ्या घरात? वर म्हणतात, फाउश्तूचं घर. वीस वर्षं राहते मी इथं, फाउश्तू कोण ते मला माहीत नाही."

पती पायरीवर बसले होते. टोपी हातात होती. त्यांनी सर्वांसमक्ष मला सांगितले की, ते कधीच शिपाई नव्हते. इस्पितळात शेजारच्या खाटेवर फाउश्तू नावाचा ट्रामचालक होता. त्याचा जन्म या घरातला. संध्याकाळी ताप चढला की तो पडल्या पडल्या तोंडाने घंटा वाजवत ट्राम चालवायचा आणि पतींना सबंध शहर फिरवून आणायचा. एका सकाळी त्याची गादी उन्हात टाकलेली दिसली.

"तुला फसवलं मी, लिंदा."

मी म्हणाले, "असं होय? मला काय ठाऊक असणार! मला वाटलं ट्रामखाली आलात."

इदालिनाबाई दारातून बाजूला सरल्या. मग म्हणाल्या, "आत या. मोरी मात्र मी काढून टाकली हं."

स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पर्यटकांचे पांढरे जहाज लागलेले होते. ते इमारतीपेक्षा उंच होते. नदी दिसत नव्हती. पती म्हणाले, "राहू दे. चला."

"बसा हो," इदालिनाबाई म्हणाल्या. "दुपारी सुटतं ते. माझं तर रोजचंच आहे."

त्यांनी आम्हाला पावाचे सूप दिले. महिला शिपाई सरकारी कामावर असल्याने आधी नको म्हणाली, नंतर जेवली. मध्ये माझ्या पिशवीतल्या मोबाइलवर फादरचा फोन आला, पण पलीकडून अदेरितूच बोलले. "काय वहिनी, सापडला का आमचा शिपाई?" मी सांगितले, "सापडले. जुन्या दोस्ताच्या घरी जेवायला बसलेत. तुम्ही पुढं व्हा."

जहाज हळूहळू सरकले. पती खिडकीशी उभे होते. नदी पूर्ण दिसल्यावर ते म्हणाले, "तो सांगायचा त्यापेक्षा रुंद आहे."  

इदालिनाबाईंनी तक्रार मागे घेतली आहे. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. पती सुखरूप आहेत व ठाण्याबाहेरच्या बाकावर बसले आहेत. त्यांचे कान अजून चांगले आहेत. म्हणून माझ्या विनंतीवरून हा जबाब दार लावून, हलक्या आवाजात मला वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितल्याबरहुकूम लिहिलेला असून खरा आहे.

(सही) एर्मेलिंदा रोझा तावैरा