मामाजवळची जुनी चावी

मामाच्या चावीचं तुम्हाले सांगितलं नाही न? तेव्हा मी पांढुर्ण्याले घरी बसूनच कर्नलमधली, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुळातल्या प्रोग्राममधली, एक गफलत शोधून राहिलो होतो. आईनं विचारलं, "एवढं काय बिघडलं रे?"

म्हटलं, "आई, असं समज. भाडेकरूनं खोली सोडली, पन जुनी चावी कोनाजवळ तरी राहून गेली. खोलीत नवा माणूस आला, तरी तो जुना चावीवाला आपलीच समजून आत शिरते. मेमरीत असंच होऊन राहिलं. अशा चावीनं उद्या चोरही शिरन."

आई म्हणे, "अरे, आपल्या सौंसरच्या भाड्याच्या खोलीची एक चावी तुझ्या मामाजवळ आहे. खोली सोडल्याचं त्याले सांगितलंच नाही. अन् तो आज सौंसरलेच गेला!"

मी लगेच फोन लावला. "मामा, कुठं आहे तुम्ही?"

"तुमच्याच खोलीवर. कुलूप उघडून जरा पडलो होतो. आता ह्या बाई आल्या, चहा ठेवून राहिल्या. तुमच्या नात्यातल्या होय का?"

"मामा, त्या नव्या भाडेकरू होय! तुम्ही कोन, हे त्यांनी विचारलं नाही?"

मागून बाईंचाच आवाज आला, "पाहुण्याले असं विचारत असते का?"

कर्नलमधलं भोक मी त्याच आठवड्यात बुजवलं. मामाजवळची चावीही काढून घेतली. पन सौंसरले गेला की मामा अजूनही तिथंच उतरते. आता त्याले चावी लागत नाही.