गाडी घेतली का सोयरीक केली?

...न्हाई न्हाई, गाडीबद्दल माझी काडीची तक्रार न्हाई! गाडी झकास हाय, इंजन खणखणीत हाय, आमच्या लातूरच्या गल्लीतून निघाली की ओट्यावरली म्हातारी माणसं उठून उभी राहतात... तक्रार हाय ती गाडीसोबत जो माणूस आला त्याची! तुम्हाला सांगतो, जुनी गाडी घेताना जो तो शहाणपण शिकवतो, टायर बघा, चेन बघा, कागदं बघा, इंजनला कान लावून बघा... अहो, पण विकणाऱ्याचं काळीज बघा म्हणून एकजण सांगंना की हो!

आता मी कोण? शिवलिंग माझं नाव, औश्याला हायस्कुलात भूगोल शिकवतो, राहायला लातूर, वय सत्तेचाळीस. वीस वर्षं तीच स्कूटर, तोच डबा, तोच रस्ता. पोरांना सगळ्या जगाचा नकाशा दाखवायचा अन् आपण लातूर ते औसा, औसा ते लातूर! तर एक दिवस मोबाइलवर जाहिरात दिसली. नांदेडची गाडी. काळीभोर, लांबलचक, मागचं टायर असं जाड की दोन माणसांनी कवळा घालावा, हँडल इतकं उंच की धरलं की माणूस पोलिसाला शरण आल्यासारखा दिसतो, अन् पाय पुढं टाकून आरामखुर्चीत बसल्यागत बसायचं. क्रूझर म्हणतात तिला. साडेतीनशे सीसी! मंजुश्रीला, म्हणजे आमच्या मंडळींना दाखवलं, तर ती म्हणली, "ह्यावर बसून शाळेत जाणार? पोरं तुमचीच हजेरी घेतील." पण म्हणलं, सारी उमर काय निस्तं फळ्यावरच फिरायचं का?

गेलो नांदेडला. विष्णुपुरीला आनंदराज म्हणून एकाचं ग्रिल-शटरचं वर्कशॉप. बत्तीस-तेहतीसचा गडी, नखात ग्रीस, डोळ्यात लई माया. साधी गाडी घेऊन ह्यानं तिला तीन वर्षं स्वतःच्या हातानं कापली, जोडली, घासली, रंगवली. मला वाटलं मी गाडी बघायला आलोय. कशाचं काय, मलाच बघायचा कार्यक्रम होता तो!

"सर, घरी कोण कोण असतं?" म्हणलं, मी अन् बायको, पोरगा पुण्याला शिकतोय. "गाडी कुठं लावणार? वर पत्रे हायत का स्लॅब? पत्र्याखाली तापते ती." स्लॅब हाय म्हणलं. "सर, तुम्हाला राग-बिग येतो का?" अहो, माझ्या सासऱ्यानं एवढं इचारलं नव्हतं! शेवटी पसंत पडलो. दोन्ही हातांनी किल्ली दिली, डोळे डबडबलेले, "सर, सकाळी एकदम पळवू नका तिला, जरा गरम होऊ द्या, तिला सवय न्हाई." अन् मी निघालो तर हे बेणं सीटवर हात ठेवून पार रस्त्यापर्यंत चालत आलं... तव्हाच ओळखायला पाहिजे होतं, मी गाडी घेतली का सोयरीक केली?

लोह्याला पोचलो, फोन. अहमदपूरला चहाला थांबलो, फोन. चाकूरला फोन. घरी येऊन बूट काढतोय तोवर फोन!

"पोचली का?"

"हाव, पोचलो की."

"तुम्ही न्हाई सर, ती!"

अन् मग रोज. संध्याकाळी सातच्या ठोक्याला. "धुतली का? चेनला तेल दिलं का? सर, जरा आवाज ऐकवता का?" मी, भूगोलाचा मास्तर, अंगणात गाडी चालू करून सायलेन्सरपाशी मोबाइल धरून उभा! शेजारच्या सरजाबाई भिंतीवरून डोकावल्या, "सर, कोण बोलायलंय तिच्याशी?" काय सांगू? माहेरचं माणूस म्हणलं.

तिसऱ्या रविवारी तर स्वतःच आला. नांदेडहून एसटीनं, पिशवीत पॉलिशची डबी अन् मऊ फडकं. मला नमस्कार न्हाई, चमत्कार न्हाई, सरळ गाडीपाशी. आता झालं होतं असं, की त्यानं गाडीला एकच सीट ठेवलेलं. मग बायकोनं कुठं बसायचं? हँडलवर? म्हणून मी मागं एक सीट बसवून घेतलं, अन् टाकीवर रेडियममध्ये 'शिवकृपा' लिहून घेतलं. एवढाच गुन्हा! आनंदराजनं बघितलं अन् मटकन पायरीवर बसला.

"सर... टाकीवर रेडियम?"

असं म्हणला जसं काय मी त्याच्या लेकीला जाच करून राहिलो! मग मंजुश्रीनं त्याला चुरमुऱ्याचा सुशीला दिला, तो खाल्ला, अन् दोन तास बसून नखानं ते रेडियम खरवडलं, टाकीला पॉलिश केलं, बारक्या काडीनं चाकातली माती काढली. अन् आमची मंडळी दारात उभी राहून काय म्हणते? "किती गुणी हो! तुम्ही तिच्यावर कधी फडकं तरी मारलं का?" घ्या! माझ्या घरात, माझ्या गाडीवरून, माझ्याच बायकोसमोर मी सासुरवास करणारा ठरलो. मला सांगा, मी गाडी घेतली का सोयरीक केली?

मग दर रविवारी त्याची फेरी ठरलेलीच. पण खरा तमाशा झाला तो निलंग्याच्या रस्त्यावर. सासूबाईंनी, उमाबाईंनी, आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मंजुश्री नवी साडी नेसून मागच्या सीटवर. औसा ओलांडलं, लामजना पाटी, म्हणजे लामजन्याचा फाटा आला, अन् एका खड्ड्यात धप्पकन आदळलो... गाडी गप! किक मारली, गप. पुन्हा मारली, गप. वीस किका मारल्या, पायाला गोळा आला, गाडी मौनात! पाटीवरचा मिस्त्री, रविकिरण, आला. प्लग काढला, बघितला, फुंकला, परत लावला. वायरी चाचपल्या. मग डोकं खाजवत म्हणला, "सर, मी पंधरा वर्षं गाड्या दुरुस्त करतोय, पण ही कुणी बनवलीय त्यालाच इचारा." तोवर दहा-बारा माणसं जमली. एक म्हणतो पेट्रोलात पाणी हाय, एक म्हणतो आडवी पाडून उभी करा, एकजण काहीच म्हणंना, निस्ता गाडीवर बसून फोटो काढून घेतोय!

केला आनंदराजला फोन. तर पलीकडून आवाज कसा? दवाखान्यातून फोन आल्यागत. "सर! कुठं लागलं तिला? तुम्ही काही बोललात का तिला? हात लावू देऊ नका कुणाला, मी निघालो!"

पाच तास! पाच तास आम्ही पाटीवर. भजे खाल्ले, चहा पेला, पुन्हा भजे खाल्ले. तिकडून सासूबाईंचा फोन, "पुरणपोळ्या निवल्या." तासानं फोन, "पाव्हणे जेवून गेले." मंजुश्री माझ्याकडं पाठ करून बसली. चार वाजता एसटी थांबली. आनंदराज उतरला, अन् त्याच्यामागं खांद्यावर सहा-सात महिन्यांचं लेकरू घेतलेली एक बाई.

"मी दीपाली, ह्यांची बायको," ती म्हणली. "रविवार आला की हा माणूस लातूरला पळून राहिला. गाडी बघायला जातो म्हणतो. आज म्हणलं, मी बी येते. बघू तर खरं, गाडीच हाय का अजून कोणी हाय!"

आनंदराज कुणाकडं बघंना. गुडघ्यावर बसला, सीटखाली हात घातला, टक् असा आवाज आला, अन् एका किकमध्ये गाडी चालू! चोरस्विच! चोरी होऊ नये म्हणून लपवलेला स्विच, तो खड्ड्यात आदळून बंद झालेला! माझं डोकं भणाणलं. "अरे भल्या माणसा, हे मला अगोदर का सांगितलं न्हाईस?"

मान खाली घालून म्हणला, "सगळंच सांगितलं असतं सर... तर तुम्हाला माझं काय काम राहिलं असतं?"

तोंडात आलेली शिवी मी गिळली बघा. पण दीपाली बोलली. "भाऊजी, गाडी विका म्हणून मीच हट्ट धरला होता. ह्या लेकीच्या बारशाला बाया पाळणा म्हणून राहिल्या, अन् लेकीचा बाप मागल्या दारी टाकी पुसून राहिलेला! वाटलं, गाडी गेली की माणूस घरात येईल. आता गाडी लातूरला, अन् माणूस बी लातूरला."

आनंदराजनं पँटला हात पुसले, दोनदा पुसले, अन् दीपालीच्या खांद्यावरून लेकरू आपल्याकडं घेतलं. झोपेतच त्या पोरीनं त्याचं बोट धरलं. हा बोट सोडवंना, हलंना, पुतळ्यासारखा उभा. चालू गाडी तशीच धडधडतीय अन् हा पहिल्यांदाच तिच्याकडं बघंना! तुम्हाला सांगतो, मला पण जरा भरून आलं. थोडंच.

तेवढ्यात मंजुश्री उठली. सकाळपासून भज्यावर काढलेली बाई, तिनं एका दमात निकाल दिला. "हे बघा आनंदराज भाऊ. रोजचा फोन बंद. रविवारचं येणं बंद. रविवार लेकीचा. गाडी नागपंचमीला महिनाभर तुमच्याकडं माहेरी, तव्हा काय लाड करायचे ते करा. बाकी वर्षभर आमच्याकडं."

दीपाली म्हणली, कबूल. आनंदराज म्हणला, कबूल. मला कुणी इचारलं? कागदावर मालक म्हणून नाव कुणाचं? माझं! पण मी गाडी घेतली का सोयरीक केली?

पंचमी आली. गेलो सोडायला नांदेडला. दीपालीनं चाकावर पाणी घातलं, हँडलवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला टॉवेल-टोपीचा आहेर केला. अन् जुनी स्कूटर तर मी कधीच विकलेली, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी एसटीनं शाळेत! शिपाई व्यंकट इचारतो, "सर, गाडी कुठंय?" माझ्या तोंडून निघून गेलं, माहेरी गेलीय. तर तो गंभीर होऊन म्हणतो, "बाळंतपणाला का?"

महिना भरला. गेलो आणायला. आनंदराज लेकरू कडेवर घेऊन दारात, "सर, आठ दिवस अजून राहू द्या की. रंगाचा एक हात बाकी हाय." दीपाली म्हणली, राहू द्या की भाऊजी. जेवू घातलं, लाडूचा डबा दिला, अन् एसटीत बसवून दिलं.

घरी आलो. म्हणलं, निदान बायको तरी आपल्या बाजूनं बोलंल. तर बायको दारात, हातात पिशवी, पायात चप्पल. दीपालीचा फोन माझ्या अगोदर घरी पोचलेला!

"कुठं निघालीस?"

"निलंग्याला, आईकडं. गाडीला महिनाभर माहेर, वर आठ दिवस जास्तीचे. अन् मी दोन वर्षांत एकदा निघाले तर पाटीवर बसून भजे!"

"अगं, पण येणार कधी?"

"रंगाचा एक हात बाकी हाय," म्हणली अन् गेली.

त्याला आज चौथा दिवस. सध्या मी कुकर लावलाय. आत तांदूळ हायत, डाळ हाय, पाणी किती झालंय ते देवाला ठाऊक. सत्तेचाळीस वर्षांचा मास्तर, नावावर साडेतीनशे सीसीची गाडी... अन् खिचडीला शिट्ट्या किती करायच्या, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलंच न्हाई!