मास्तरची तारीख

(जून १९८२. नागपूर, इंदोरा. डॉ. जयवंता दुपारी इस्पितळातून घरी आली आहे. तिचे वडील रामाजी, गिरणीतून निवृत्त झालेले, तिच्या आधी थोडा वेळ लकडगंजाहून परतले आहेत.)

रामाजी : अन् बाप जिवंत असला तर बापाचीच साक्ष पक्की, असं मुन्शी म्हणे. दुसरं कोणी लागत नाई. तू आधी पाणी पी, मंग सांगतो.

जयवंता : कोणता मुन्शी, बाबा? या उन्हात कुठे जाऊन आलात?

रामाजी : लकडगंजात. वकिलाचा मुन्शी आहे, आपल्या नत्थूजीच्या ओळखीचा. स्टँप पेपरच घेऊन आलो. टाइप तो करून देते. मी फक्त तुह्या जन्माची खरी तारीख सांगाची अन् सही कराची.

जयवंता : कूलरसमोर सरका आधी. तोंड बघा किती लाल झालं आहे.

रामाजी : तोंडाचं सोड वं. तू काल तुह्या मायले सांगत होती का नाई, विलायतेत शिकाची स्कॉलरशिप हुकली म्हणून? मी आयकलं सारं. बाजेवर पडून होतो, झोपलो नोतो.

जयवंता : मग पुढचंही ऐकलं असेल. विषय संपला म्हणाले मी.

रामाजी : तुह्यासाठी संपला असन. वयानं हुकलं म्हणे. किती वयानं?

जयवंता : एका महिन्यानं. एक जुलैला पस्तीसच्या आत पाहिजे. कागदावर मला एक जूनला पस्तीस पूर्ण झाली.

रामाजी : एक जून! एक जूनले कोण जन्मलं वं? मास्तरनं साऱ्या वर्गाले एक जून देल्ली होती. नत्थूजीचा पोरगा एक जून, सुभद्रा एक जून, तिचा भाऊबी एक जून. एका मायची दोन लेकरं, दोघंबी एकाच तारखेची, तरी कोणाले काई वाटलं नाई.

जयवंता : माहीत आहे.

रामाजी : तू जन्मली तवा थंडी होती. गांधीजी गेले त्या हप्त्यात तुहं बारसं कराचं होतं, ते पुढं ढकललं. गिरणीचा भोंगा वाजला नाई त्या दिवशी. तुळसाबाई सुईण अजून जिवंत आहे, तिले विचार. म्हणजे जानेवारी अठ्ठेचाळीस. मास्तरनं लिवलं जून सत्तेचाळीस. तू अजून चौतीसचीच आहे.

जयवंता : हिशोब मलाही येतो, बाबा.

रामाजी : मीच तर घेऊन गेलतो तुले शाळेत. मास्तर म्हणे, पोरी, हात डोक्यावरून घे, पलीकडचा कान धर. कान हाती आला तर सहाची, नाई तर पुढच्या साली ये. तू चटकन् धरला. हातच लांब होते तुहे, काडीवानी.

जयवंता : आता मी रोग्यांना तेच करायला लावते. खांदा किती वर जातो ते कळतं त्यानं.

रामाजी : मी म्हटलं, गुरुजी, पोरगी साडेपाचची आहे. तर म्हणे, चूप राह्य रामाजी. पुढच्या सालापर्यंत तू हिले घरी लहान्याले सांभाळाले बसवशीन, मंग कायची शाळा? बरं केलं ना त्यानं?

जयवंता : बरंच केलं.

रामाजी : मंग? आता त्याची चूक आपण सुधरून घेऊ. खरी तारीख लाव अन् धाड अर्ज. तीन सालापासून ह्याच्याच मागं आहे तू.

जयवंता : पहिल्या वर्षी अर्ज साहेबांच्या टेबलावरच राहिला. आपण थेट धाडायचा नसतो, विभागाच्या साहेबांनी वर पाठवायचा असतो. विसरलो म्हणाले. मागच्या वर्षी पाठवला, दिल्लीला मुलाखत झाली. सगळ्या देशातून दोन जागा, माझा नंबर तिसरा.

रामाजी : तिसरा काई कमी नसते वं.

जयवंता : जागा दोन असल्या की कमीच असतो.

रामाजी : पण मले एक सांग. तिथं शिकवतेत काय एवढं? सांध्याचंच ना? आपल्याकडे तर त्याले वात म्हणतेत. लसणाचं तेल चोळलं, गरम विटेनं शेकलं, झालं.

जयवंता : म्हणून तर. गुरुवारी माझ्यापुढची बाकं बघा कधी येऊन. नरखेडकडून पहाटेची एसटी धरून येतात, इथल्या बिडी वळणाऱ्या बाया येतात. सगळ्यांचा वातच. त्यात एखादीचा खरा आमवात असतो. एखादीची दुखणी सांध्यांत दिसतात, पण आत किडनी निकामी होत चाललेली असते. एखादीला पुडीवाल्यानं स्टिरॉइड चारून तोंड भोपळ्यासारखं केलेलं असतं आणि ती म्हणते, बाई, त्याच्याच पुडीनं बरं वाटत होतं.

रामाजी : अन् तू काय देते?

जयवंता : ॲस्पिरिन. आज एवढ्या गोळ्या, पुढच्या गुरुवारी जास्त. कान वाजायला लागले की समजायचं, डोस पुरा झाला.

रामाजी : कान वाजेपर्यंत?

जयवंता : तेच माप आहे. आणि मुठीची ताकद बघायला बीपीचा पट्टा गुंडाळून हातात देते, दाबा म्हणते, पारा किती चढतो ते बघते. सिंधूताई म्हणून एक आहे. मागच्या साली पारा बराच चढायचा. आज तिनं दोन्ही हातांनी दाबला तरी जागचा हलला नाही. तिला वाटलं पट्टाच बिघडला. म्हणे, बाई, दुसरा आणा.

रामाजी : मंग?

जयवंता : आणला दुसरा. काय करणार?

रामाजी : विलायतेत काय देतेत अशा बाईले?

जयवंता : सोन्याचं इंजेक्शन.

रामाजी : सोन्याचं? खऱ्या सोन्याचं?

जयवंता : खऱ्याच. सोन्याचा क्षार असतो त्यात.

रामाजी : मंग आपल्याकडे नाई तेच बरं. अर्ध्या सुया कंपाउंडरच्या बायकोच्या गळ्यात गेल्या असत्या.

जयवंता : हसवू नका हो. दमले मी आज.

रामाजी : हस वं जरा. कालपासून तोंड पाडून बसली आहे. अन् ते सोनं इथं येत नाई का?

जयवंता : मुंबईहून मागवता येतं. पण ते जपून द्यावं लागतं. कधी थांबवायचं ते चुकलं तर रक्त बिघडतं, किडनी जाते. मी ते कुणाला देताना पाहिलेलं नाही. पुस्तकात वाचून सिंधूताईच्या अंगात टोचू का? साऱ्या विदर्भात विचारायला माणूस नाही. तो माणूस आपणच व्हावं, एवढंच होतं मनात.

रामाजी : होशीन. होशीन ना. बरं, आपल्याले पाच सालाची सूट असते ना? नत्थूजीच्या पोराले भेटली.

जयवंता : त्याची राज्याची नोकरी. हे दिल्लीचं आहे. दिल्लीच्या कागदावर बौद्ध लिहिलं की सूट नाही.

रामाजी : असं कसं? जात बदलली म्हणून माणूस बदलला का? त्याच वस्तीत राहून राहिलो, त्याच नळावर पाणी भरून राहिलो.

जयवंता : नियम मी नाही केला. ऑफिसातल्या बाबूनं एक वाट सांगितली होती. भल्या मनानं सांगितली, त्याला बोल लावू नका. म्हणे, मॅडम, वडिलांचा जुना दाखला असेल ना, धर्म बदलण्याच्या आधीचा? तो जोडा, जुनी जात लिहा. कोण बघायला येतं?

रामाजी : तू काय म्हटलं?

जयवंता : विचारून सांगते म्हटलं.

रामाजी : कोणाले विचारून?

जयवंता : तुम्हाला.

रामाजी : अन् विचारलं काहून नाई?

जयवंता : आता विचारते आहे.

रामाजी : छप्पन साली तुहं बोट धरून गेलतो मी. गर्दीत तुही चप्पल हरपली, तू रडून राहिली होती, अन् मी तुले म्हटलं, रडू नोको, आजच्या दिवशी रडाचं नाई. घरी आलो अन् तो जुना दाखला चुलीत घातला. असता तरी देल्ला नसता मी. तुले राग येईन तर येऊ दे.

जयवंता : राग नाही आला. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं फक्त. मी हो म्हणून बसले असते की काय, अशी माझीच मला भीती वाटत होती.

रामाजी : पण हे तर तसं नाई ना? ते खोटं होतं, हे खरं आहे. खरी तारीख, खरा बाप. खरं लिवाले कायचं भेव?

जयवंता : मला सांगा, खऱ्या तारखेनं मी मेडिकलला गेले तेव्हा किती वर्षांची होते?

रामाजी : आता ते काय सांगू? तुले पयलीतून एकदम तिसरीत घातलं होतं मास्तरनं. साऱ्यात लहान तूच होती वर्गात.

जयवंता : सोळा वर्षांची होते. साडेसोळा म्हणा. आणि लागत होती सतरा पूर्ण. त्याशिवाय प्रवेशच नव्हता. मास्तरच्या तारखेनं माझी सतरा भरली होती, बाबा. तुमच्या तारखेनं भरली नव्हती.

रामाजी : मंग?

जयवंता : मग तुमचा कागद जोडला की मी विलायतेसाठी लहान होते, आणि मेडिकलसाठीही लहान होते. वय एकीकडे कमी करून दुसरीकडे तेवढंच ठेवता येत नाही.

रामाजी : अठरा सालं झाले त्याले! तू डॉक्टर झाली, वरची परीक्षा झाली, पोट्ट्याइले शिकवून राहिली. आता कोण उकरते?

जयवंता : दुसऱ्या कुणाचं नसतं उकरलं. अर्ज साहेबांच्या टेबलावरून जातो. ज्यांना माझा अर्ज वर धाडायची आठवण राहत नाही, त्यांना हे बरोबर दिसेल. प्रवेशच चुकीचा तर डिग्री कशी बरोबर, असं एक वाक्य लिहिलं की झालं. मग मी खुलासे देत फिरायचं. सिंधूताईला ॲस्पिरिन द्यायलाही मग तिथं नसेन.

रामाजी : मी जातो तुह्या साहेबाकडे. हात जोडून सांगतो, मास्तरची चूक आहे, माही चूक आहे, धराचं तर मले धरा.

जयवंता : तुम्हाला कुणी धरत नाही, बाबा. धरायचं झालं की मलाच धरतात.

रामाजी : मले वाटलं, आपण कामात येऊन राहिलो पोरीच्या. त्या मुन्शीनं मले खुर्ची देल्ली. साक्षीदार आपणच का, म्हणे. आपण म्हणे! तीस सालं मागावर उभा राहिलो, कोणी बस म्हटलं नाई. मी त्याले थंडीचं सांगितलं, बारशाचं सांगितलं, तर तो लिवून घेऊन राहिला सारं.

जयवंता : खरं होतं ते. त्यातलं काहीच खोटं नाही.

रामाजी : खरं असून काय उपेग?

जयवंता : उपयोग नाही. पण खरं आहे.

रामाजी : अन् मंग जाते कोण विलायतेत?

जयवंता : आमच्याकडून अनंतचा अर्ज गेला. माझ्या हाताखालचा आहे, तिशीसुद्धा नाही अजून. काय लिहू विचारत होता, तर मीच बसून लिहून दिलं. गुरुवारच्या बाकांचं लिहिलं, पट्ट्याचं लिहिलं.

रामाजी : तुह्या हातानं? तुहंच सारं त्याच्या नावानं? काहून वं? इतकी कशी भोळी तू?

जयवंता : भोळी नाही. लिहिताना जीव जळत होता माझा. पण चांगला आहे पोरगा. बाईचा सुजलेला हात धरायच्या आधी विचारतो, धरू का म्हणून. बाकीचे नाही विचारत.

रामाजी : वापस येईन तो?

जयवंता : नाही.

रामाजी : तू आली असती.

जयवंता : आले असते. त्याचंच वाईट वाटतं, बाबा. फार वाटतं. आज ओपीडीत बसून नाडी बघत होते आणि मोजता मोजता विसरत होते.

रामाजी : जेवली का तू?

जयवंता : नाही. भूक नाही.

रामाजी : भाकर आहे, झुणका आहे. तुही माय इंदूबाईकडे गेली, येईनच. मुन्शीकडे उद्या मी जाऊन सांगून येतो. निरोप नाई धाडत, खुर्ची देल्ली त्यानं. अन् पोरीचं वय मंग नेमकं किती, असं विचारलं तर?

जयवंता : पस्तीस सांगा.

रामाजी : पस्तीस.

जयवंता : शेजारी विचारलं तरी पस्तीस. तुळसाबाईलाही सांगून ठेवा, थंडीचं कुठे बोलू नका म्हणावं.

रामाजी : अन् तुही माय? ती दर जानेवारीत तुह्या नावानं खीर करते. तिले काय सांगू?

जयवंता : तिला काही सांगू नका. करू द्या खीर. कडी लावून खाऊ.